शेवटचा होल : गोल्फमधलं नाट्य आणि आपण प्रेक्षक

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी मला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतात, हे गोल्फ मध्येच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचं मैदान पाहिलं असेल ते भिंतीपलीकडून. येरवड्याला किंवा चेंबूरला बसच्या खिडकीतून हिरवं काहीतरी दिसतं, पांढऱ्या टोपीतली चार माणसं दिसतात, आणि बस पुढे जाते. हा श्रीमंतांचा, वेळ घालवायचा खेळ, असं आपण मनाशी म्हणतो. तसं म्हणायला काही हरकत नाही. पण आज मी खेळायला कसं शिकायचं हे सांगायला आलेलो नाही. मला बोलायचंय ते बघण्याबद्दल. एखादा माणूस हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत एक निर्णय घेतो, तो फसतो, आणि आपण बघणारे लगेच निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल आपण कशाच्या आधारावर देतो, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो गोल्फमध्ये फार स्वच्छ दिसतो म्हणून गोल्फ.

आधी थोडी ओळख

ज्यांना खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक होल म्हणजे एका ठरावीक जागेवरून चेंडू मारत मारत, दोनशे-चारशे-पाचशे यार्डांवरच्या एका छोट्या खळग्यात घालायचा. तो खळगा ज्या बारीक कापलेल्या हिरवळीवर असतो, तिला ग्रीन म्हणतात. वाटेत उंच गवत असतं, त्याला रफ म्हणतात. वाळूचे खड्डे असतात, ते बंकर. कुठे तळं, कुठे ओढा. कसलेल्या खेळाडूला एखाद्या होलसाठी किती फटके लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, तो पार. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. चेंडू पाण्यात गेला आणि बाहेरून पुन्हा खेळायचा असेल, तर दंडाचा एक फटका. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकला. संपला खेळ.

मोठ्या स्पर्धा चार. एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑगस्टाची मास्टर्स, मग पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये ब्रिटनमधली ओपन. ही ओपन सर्वांत जुनी, १८६० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला सुरू झाली. पहिल्या वर्षी आठच खेळाडू होते. आता दीडशेच्या आसपास असतात. स्पर्धा चार दिवस चालते, रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर. दोन दिवसांनंतर साधारण निम्मे खेळाडू गळतात. चौथा दिवस रविवार. आणि रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्या नाटकाचा तिसरा अंक.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये गोलंदाज तुम्हाला बाद करायला टपलेला असतो. टेनिसमध्ये समोरचा चेंडू परतवतो. कुस्तीत तर समोरचा अंगावरच असतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. तुम्हाला कोणी अडवत नाही, कोणी घाई करत नाही. प्रतिस्पर्धी बाजूला शांत उभा असतो, तुमच्या फटक्याला हात लावायची त्याला मुभाच नाही. म्हणजे जे काही बिघडेल, ते तुमच्या हातून बिघडेल, किंवा वाऱ्यामुळे आणि जमिनीच्या उंचसखलपणामुळे. दोष द्यायला तिसरं कोणी नाही. माणूस, त्याचा निर्णय आणि दैव, एवढी तीनच पात्रं.

प्रेक्षकाला काय दिसतं?

तुम्ही प्रत्यक्ष मैदानावर गेलात तर सगळी स्पर्धा तुम्हाला दिसतच नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाट्यगृहात रंगमंच एक असतो, सगळ्यांचे डोळे तिकडे. इथे एकाच वेळी अठरा रंगमंचांवर प्रवेश चालू असतात. मग तुम्ही दोनांपैकी एक करता. एक तर आवडत्या खेळाडूबरोबर मैलोन् मैल चालता, दोरीच्या अलीकडून, माणसांच्या खांद्यांवरून डोकावत. नाही तर एका ग्रीनजवळ ठाण मांडून बसता आणि एकेक जोडी समोरून जाताना बघता. पहिल्या प्रकारात एका माणसाची संपूर्ण कथा कळते, पण बाकीचं जग कळत नाही. दुसऱ्या प्रकारात सगळी माणसं दिसतात, पण प्रत्येकाच्या कथेचं एकच पान.

उरलेलं कळतं ते आवाजावरून आणि फलकावरून. ऑगस्टाला तर प्रेक्षकांना मोबाइल आत नेता येत नाही. त्यामुळे झाडांपलीकडून आलेल्या आरोळीवरून ओळखायचं, की कोणीतरी काहीतरी भलतंच चांगलं केलं. १९८६ च्या मास्टर्समध्ये जॅक निकलॉस ४६ वर्षांचा होता. लोकांनी त्याला जमेत धरायचं सोडून दिलं होतं. शेवटच्या दिवशी शेवटच्या नऊ होलना त्याला तीस फटके लागले आणि तो सहाव्यांदा मास्टर्स जिंकला. त्या दुपारी तो सतराव्या होलपाशी असताना मागून एक चमत्कारिक आवाज आला. अर्धा हळहळीचा, अर्धा आनंदाचा. मागे पंधराव्या होलवर सेव्हे बालेस्टेरोसचा चेंडू तळ्यात गेला होता. त्याच्यासाठी हळहळ आणि निकलॉससाठी आनंद, असं दोन्ही एकाच गर्दीच्या घशातून निघालं होतं. बघणाऱ्याचं मन कसं दुभंगलेलं असतं, हे त्या एका आवाजात कळतं.

आणि आरोळीच्या उलट टोकाला शांतता. खेळाडू फटक्याला उभा राहिला की स्वयंसेवक हात वर करतात, आणि हजारो माणसं श्वास रोखतात. आपल्याकडे असलं दृश्य कुठल्या मैदानावर दिसत नाही. मैफलीत मात्र दिसतं, गवई समेवर येण्याच्या आधी. एका फटक्याला दोन सेकंद लागतात, आणि दोन फटक्यांमध्ये पाच-सात मिनिटं जातात. त्या पाच-सात मिनिटांत खेळाडू चालतो, वारा बघतो, विचार करतो. आपणही करतो. आता हा काय करेल? कुठला क्लब घेईल? सरळ जाईल की वळसा घेईल? गोल्फचं नाट्य फटक्यात थोडं आणि या मधल्या वेळात जास्त असतं, कारण निर्णय घेतला जाताना आपण बघत असतो.

कार्नूस्टी, १८ जुलै १९९९

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कार्नूस्टी नावाचं गाव आहे. तिथलं मैदान फार कठीण म्हणून प्रसिद्ध. १९९९ साली तिथे ओपन झाली. वारा, मातलेलं गवत, अरुंद वाटा, यांनी भल्याभल्यांची दमछाक झाली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी आघाडीवर होता जाँ व्हॅन द व्हेल्ड. फ्रान्सचा, वय ३३, फारसा कोणाला माहीत नसलेला. पाच फटक्यांची आघाडी. याआधी ओपन जिंकणारा फ्रेंच माणूस म्हणजे आर्नो मासी, तोही १९०७ साली. म्हणजे ९२ वर्षांत दुसरा कोणी नाही. दिवसभरात चढउतार झाले, पण शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलच्या सुरुवातीला तो उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. हा होल ४८७ यार्डांचा, पार चार. त्याला सहा फटके लागले असते तरी तो जिंकला असता.

या होलवर एक ओढा आहे, बॅरी बर्न नावाचा. स्कॉटिश बोलीत बर्न म्हणजे ओढाच. तो नागमोडी वळणं घेत वाट अडवतो आणि शेवटी ग्रीनच्या अगदी पुढ्यातून जातो. दोन्ही काठ दगडी बांधलेले.

पहिला फटका. व्हॅन द व्हेल्डनं सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब काढला, ड्रायव्हर. लोकांमध्ये कुजबुज झाली, कारण सावध माणसानं छोटा क्लब घेतला असता. चेंडू बराच उजवीकडे, सतराव्या होलच्या बाजूला गेला. पण पाण्यातून वाचला.

दुसरा फटका. आता दोन मार्ग होते. एक, छोट्या क्लबनं चेंडू ओढ्याच्या अलीकडे टाकायचा, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचायचं, आणि तिथे तीन फटके घालवले तरी सहा. दुसरा, इथूनच थेट ग्रीनकडे मारायचं. त्यानं दोन नंबरचं आयर्न घेतलं, म्हणजे लांब मारा, आणि ग्रीनकडे मारलं. चेंडू पुन्हा उजवीकडे सरकला. तिथे प्रेक्षकांचं स्टँड होतं. चेंडू स्टँडच्या कठड्यावर आपटला, उलट उडाला, ओढ्याच्या दगडी भिंतीवर पडला, तिथून पुन्हा उडाला आणि ओढ्याच्या अलीकडे उंच गवतात जाऊन रुतला.

तिसरा फटका. गवत इतकं दाट की क्लब अडकला, आणि चेंडू थेट ओढ्यात.

मग ते दृश्य, जे तुम्हाला आजही चित्रफितीत पाहता येईल. व्हॅन द व्हेल्डनं बूट काढले, मोजे काढले, विजार वर दुमडली, आणि तो ओढ्यात उतरला. चेंडू पाण्यात दिसत होता. पाण्यातूनच मारावा का, असा विचार करत तो कमरेवर हात ठेवून उभा. लोक हसत होते, काही तोंडावर हात घेऊन बसले होते. बघता बघता चेंडू आणखी खाली गेला. शेवटी तो बाहेर आला आणि दंडाचा फटका स्वीकारला. तो चौथा. पाचवा फटका बंकरमध्ये.

आणि इथे त्या दिवसानं आणखी एक गंमत केली. त्याच्या जोडीला खेळणारा ऑस्ट्रेलियाचा क्रेग पॅरी, त्याचाही चेंडू त्याच बंकरमध्ये होता. पॅरीनं आधी मारला, आणि वाळूतून थेट होलमध्ये घातला. म्हणजे अशी गोष्ट होऊ शकते, हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलं. आता व्हॅन द व्हेल्डनं हेच केलं तर सहा, आणि तो विजेता! त्याचा चेंडू मात्र होलपासून सहा-सात फुटांवर थांबला. मग तो सहा-सात फुटांचा फटका त्यानं घातला. एवढं सगळं झाल्यावर, पाय ओले असताना, घातला. एकूण सात. त्यानं हवेत मूठ हाणली. लोक वेड्यासारखे ओरडले.

सातमुळे तिघांची बरोबरी झाली: व्हॅन द व्हेल्ड, १९९७ चा विजेता जस्टिन लेनर्ड, आणि पॉल लॉरी नावाचा ॲबरडीनचा स्कॉटिश खेळाडू. मग चार होलची जादा लढत झाली आणि लॉरी तीन फटक्यांनी जिंकला.

मूर्खपणा होता का?

दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत या माणसाचं नाव निघालं की लोक एकच शब्द वापरतात: मूर्खपणा. सहा फटके हातात असताना ड्रायव्हर कशाला? थेट ग्रीनकडे कशाला?

आपण हे नीट तपासू. त्या दुसऱ्या फटक्याच्या वेळी त्याच्यासमोर काय होतं? डावीकडे गेलं तर हद्दीबाहेर, तिथे मोठा धोका. उजवीकडे प्रेक्षकांचं स्टँड. आता नियम असा आहे, की स्पर्धेपुरत्या उभारलेल्या स्टँडमध्ये चेंडू अडकला, तर खेळाडूला दंडाशिवाय चेंडू बाहेर ठेवायला मिळतो. म्हणजे उजवीकडे चूक झाली तर ती फारशी महाग पडायला नको होती. चेंडू खरोखर उजवीकडेच गेला. स्टँडमध्ये पडला असता तर तिथून ग्रीनपर्यंत छोटा फटका, आणि चारपाचात काम संपलं असतं. चेंडू कठड्याला लागून उलट आला. दोन-चार बोटांचा फरक.

मी असं म्हणत नाही की निर्णय उत्तम होता. सावध मार्ग अधिक शहाणपणाचा होता, हे मलाही मान्य आहे. पण ‘दोन पर्यायांपैकी थोडा कमी चांगला’ आणि ‘मूर्खपणा’ यांत खूप अंतर आहे. ते अंतर आपण कशानं भरून काढतो? कठड्यानं! चेंडू स्टँडमध्ये अडकला असता तर याच निर्णयाला आपण धाडस म्हटलं असतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं असतं, की आघाडी असूनही हा बहाद्दर घाबरला नाही.

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला ‘नैतिक दैव’ म्हणतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी यावर एकाच परिसंवादात निबंध मांडले, आणि तेव्हापासून ही चर्चा चालू आहे. नेगलचं उदाहरण ट्रकचालकाचं आहे. ब्रेक तपासण्यात त्यानं हयगय केली, आणि रस्त्यात मूल आडवं आलं. तशीच हयगय करणारे इतर कितीतरी चालक असतात, त्यांच्या वाटेत मूल येत नाही. हयगय सारखीच. दोष मात्र आपण सारखा देत नाही. आपल्या घरातलं बघा. गॅस चालू ठेवून दोन बायका बाजारात गेल्या. एक परत येते तेव्हा भाजी करपलेली असते, ती हसत शेजारणीला सांगते. दुसरी येते तेव्हा दारात बंब उभा असतो. विसर दोघींचा तेवढाच. पण दुसरीला लोक जन्मभर ‘हिनंच घर जाळलं’ म्हणतात.

विल्यम्स आणि नेगल हे असं का होतं याचं सोपं उत्तर देत नाहीत, आणि ते प्रामाणिक आहे. एकीकडे आपल्याला वाटतं, की जे माणसाच्या हातात नव्हतं त्याबद्दल त्याला बोल लावू नये. दुसरीकडे परिणाम पूर्णपणे बाजूला ठेवणं आपल्याला जमत नाही, आणि ज्याच्या हातून घडलं त्यालाही जमत नाही. ट्रकचालक स्वतःला ‘माझा काय दोष’ म्हणून झोपी गेला, तर तो आपल्याला माणूसच वाटणार नाही.

कार्नूस्टीनं या प्रश्नाचा जणू प्रयोग पुन्हा करून दाखवला. २००७ साली ओपन तिथेच झाली. त्याच अठराव्या होलवर आयर्लंडचा पाड्रिग हॅरिंग्टन एका फटक्याच्या आघाडीनं आला. त्यानं त्याच ओढ्यात चेंडू घातला. एकदा नव्हे, दोनदा! कसाबसा सहा फटक्यांत सुटला. आता काय, दुसरा व्हॅन द व्हेल्ड झाला, असं वाटलं. पण मागून सर्जिओ गार्सिया येत होता. त्याला जिंकायला पार हवा होता, आणि त्याचा शेवटचा छोटा फटका होलच्या कडेला लागून बाहेर राहिला. बरोबरी झाली, जादा लढत झाली आणि हॅरिंग्टन जिंकला. आज हॅरिंग्टनला कोणी मूर्ख म्हणत नाही. होल तोच, ओढा तोच, आणि पाण्यात चेंडू घातला व्हॅन द व्हेल्डपेक्षा एकदा जास्तच.

हसावं की रडावं?

ॲरिस्टॉटलनं शोकात्मिकेबद्दल सांगितलं, की तिचा नायक फार सज्जनही नको आणि दुर्जनही नको. तो आपल्यासारखा हवा. त्याचं पतन दुष्टपणामुळे नको, तर ‘हमार्तिया’मुळे हवं. या ग्रीक शब्दाचं भाषांतर पुष्कळदा ‘स्वभावदोष’ असं केलं जातं, पण मुळात त्यात नेम चुकण्याचा अर्थ आहे. धनुर्धराचा बाण लक्ष्यावरून सरकतो, ते हमार्तिया. गोल्फला हा शब्द किती चपखल बसतो पाहा. असा नायक पाहून दोन भावना उठतात: करुणा, कारण त्याच्या वाट्याला त्याच्या चुकीच्या मानानं फार जास्त आलं, आणि भय, कारण हे आपलंही होऊ शकतं.

आता ओढ्यात उतरलेला व्हॅन द व्हेल्ड बघताना लोक हसले. त्यांना दोष देऊ नका, दृश्य विनोदीच होतं. पण इथे एक अडचण आहे, आणि ती नाट्यगृहात नसते. ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर देशोधडीला लागतात, आपण रुमाल भिजवतो. पडदा पडल्यावर डॉक्टर लागू मेकअप पुसून घरी जायचे. आपल्या रडण्याचा आणि त्यातल्या सुखाचा कोणाला त्रास नाही. अभिनवगुप्तानं रसाच्या आस्वादातली विघ्नं सांगितली, त्यांत एक हे, की प्रेक्षक ‘हे माझं, हे त्याचं’ यात अडकतो. ते गळून पडतं तेव्हा भावना कोणा एकाची राहत नाही, सगळ्यांची होते. ते साधारणीकरण. त्यामुळेच करुण रसातही आनंद आहे.

पण ओढ्यातला माणूस नट नव्हता. पाणी खरं होतं, आणि गेलेली ओपन परत मिळणार नव्हती. त्या संध्याकाळी त्याचं दुःख साधारण नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. मग त्याच्या पतनाचा रस घेण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

मला वाटतं आहे, पण एका अटीवर. नाटकात साधारणीकरण नाटककार आणि नट करून देतात. खेळात ते प्रेक्षकाला स्वतः करावं लागतं. ‘तो मूर्ख आहे’ असं म्हणालो की तो वेगळा आणि मी वेगळा झालो. भय संपलं, त्यामुळे करुणाही संपली, उरली फक्त करमणूक. ‘त्या जागी मी काय केलं असतं’ असं विचारलं की मी त्याच्याबरोबर ओढ्यात उतरलो. गोल्फ हे विचारायला पाच-सात मिनिटं देतो. दुसरे खेळ बहुधा देत नाहीत.

आणि या अटीचा दुसरा भाग पॉल लॉरीबद्दल आहे. लॉरीला आपण सगळे विसरलो. शेवटच्या दिवशी सकाळी तो दहा फटक्यांनी मागे होता. मोठ्या स्पर्धांच्या इतिहासात शेवटच्या दिवशी एवढी पिछाडी भरून काढून जिंकलेला दुसरा कोणी नाही. त्या भयंकर मैदानावर त्यानं ६७ फटक्यांत फेरी संपवली. जादा लढतीत शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी केली. त्याच अठराव्या होलवर, त्याच ओढ्यावरून, त्यानं चेंडू झेंड्यापासून तीन-चार फुटांवर ठेवला. स्कॉटिश माणूस स्कॉटलंडमध्ये ओपन जिंकला, आणि जगानं लक्षात ठेवलं ते हरलेल्याला! दैवाचा हिशेब आपण हरणाऱ्यावर चुकीचा मांडतो तसाच जिंकणाऱ्यावरही मांडतो. लॉरीला ‘आयतं मिळालं’ असं म्हणणारे भेटतात. सात फटके व्हॅन द व्हेल्डचे होते. ६७ लॉरीचेच होते.

टर्नबेरीचा म्हातारा

आणखी एकच उदाहरण, थोडक्यात. माझ्या वयाच्या लोकांना ते जवळचं वाटेल. २००९ साली टर्नबेरीला ओपन होती. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा होता. आदल्या वर्षीच त्याचा खुबा बदललेला. पाच वेळा ओपन जिंकलेला माणूस. पहिली १९७५ साली कार्नूस्टीलाच, आणि १९७७ साली याच टर्नबेरीला निकलॉसला एका फटक्यानं हरवून. तो चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर एका फटक्यानं पुढे होता. पार केला की जिंकला. मोठ्या स्पर्धांमधला तोपर्यंतचा सर्वांत वयस्क विजेता ४८ वर्षांचा होता.

दुसरा फटका त्यानं उत्तम मारला. खेळाडूही तसं मानतात आणि चित्रफितीतही दिसतं. चेंडू ग्रीनवर पडला, थांबायला हवा होता, आणि पळत पळत मागच्या बाजूला उतरला. तिथून त्याला तीन फटके लागले. त्यांतला दुसरा, साधारण आठ फुटांचा, दुबळा गेला. जादा लढतीत त्याचे पाय उरले नव्हते, स्टुअर्ट सिंक सहज जिंकला.

वॉटसनला कोणीही मूर्ख म्हटलं नाही. सगळं मैदान हळहळलं. का? फसले दोघंही. वॉटसनमध्ये आपण स्वतःला पाहिलं म्हणून. म्हणजे परिणाम वाईट असूनही निर्णयाकडे न्यायानं बघणं आपल्याला जमतं. प्रेम असलं की जमतं. व्हॅन द व्हेल्ड परका होता, विजार दुमडून उभा होता, म्हणून त्याच्या वेळी जमलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाचा धंदा बुडतो, भावानं विकत घेतलेली जमीन वादात निघते, कोणी नोकरी सोडतं आणि पस्तावतं. आपण म्हणतो, ‘मी तेव्हाच सांगत होतो.’ पुष्कळदा आपण तेव्हा काहीच सांगितलेलं नसतं. चेंडू कठड्याला लागल्यावर आपल्याला शहाणपण सुचलेलं असतं. तेव्हा त्या माणसाला काय दिसत होतं, वारा कुठला होता, चेंडू कसा पडला होता, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. मग दोष द्यायचा तर जरूर द्या, पण निर्णयाच्या मापानं द्या.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, मग गीतेत कर्म आणि फळाबद्दल जे सांगितलंय तेच हे झालं ना?*

जवळचं आहे, पण एक फरक आहे. गीतेतला तो उपदेश करणाऱ्याला आहे, अर्जुनाला. त्यानं फळावर नजर ठेवू नये. मी बोलतोय ते बघणाऱ्याबद्दल. त्याच युद्धात एक प्रेक्षकही आहे, धृतराष्ट्र. तो संजयाकडून समालोचन ऐकतो. त्याला रस आहे तो फळातच, आपले जिंकतात की नाही यात. करणाऱ्यासाठी आपल्याकडे उपदेश पुष्कळ आहे. बघणाऱ्याला मात्र तो फारसा कोणी करत नाही.

*प्रश्न : परिणाम बघायचाच नाही असं म्हटलं तर कोणी जबाबदारच राहणार नाही.*

बरोबर, म्हणून मी तसं म्हणत नाही. निकालपत्रावर सातच लिहिले जातात, आणि ते योग्य आहे. कठड्याला लागला म्हणून पाच लिहा, असं कोणी म्हणणार नाही. ओपन लॉरीचीच. परिणामाची जबाबदारी आणि माणसाच्या शहाणपणाचं माप, ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात लिहू नका, इतकंच.

*प्रश्न : व्हॅन द व्हेल्डचं पुढे काय झालं?*

तो खेळत राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका जाहिरातीसाठी तो कार्नूस्टीला परत गेला आणि तोच होल फक्त पटरनं खेळला, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायचा तो क्लब. तिसऱ्या प्रयत्नात त्यानं सहा केले. जिंकायला लागत होते तेवढेच! लोक हे सांगून पुन्हा हसतात. मला त्यात वेगळं दिसतं. आपली फजिती झाली त्या जागी तो स्वतः परत गेला, आणि लोकांच्या हसण्यात सामील झाला. हे सगळ्यांना जमत नाही.